सालामांकातील एक मोकळा दिवस

स्पॅनिश शिकण्यासाठी स्पेनला जाणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांच्या पसंतीच्या शहरांत सालामांकाचे स्थान फार वरचे आहे. माद्रिदपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर, तोर्मेस नदीच्या काठी हे शहर वसले आहे. येथील विद्यापीठाची स्थापना १२१८ सालची. स्पेनमध्ये आजही चालू असलेले ते सर्वांत जुने विद्यापीठ होय. युनेस्कोने १९८८ मध्ये जुन्या शहराचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत केला.

भाषावर्ग साधारणतः सोमवार ते शुक्रवार भरतात. शनिवार-रविवार मोकळे असतात. वर्गात शिकलेले कितपत अंगी मुरले, याची खरी परीक्षा या मोकळ्या दिवशीच होते. एकाच देशाचे विद्यार्थी घोळक्याने हिंडले आणि आपसांत स्वभाषेतच बोलत राहिले, तर शहर पाहून होते. भाषा मात्र वर्गातच राहते. म्हणून हा दिवस शक्यतो एकट्याने किंवा परभाषक सोबत्याबरोबर घालवावा.

घड्याळाखालून प्रारंभ

दिवसाची सुरुवात मुख्य चौकातून, म्हणजे 'प्लाथा मायोर'मधून करावी. (झेड या अक्षराचा उच्चार स्पेनच्या बहुतेक भागांत 'थ'सारखा, तर लॅटिन अमेरिकेत 'स'सारखा होतो.) १७२९ ते १७५५ या काळात बांधलेल्या या चौकातील नगरपालिकेच्या घड्याळाखाली भेटण्याची वेळ ठरवणे, हा गावकऱ्यांचा जुना परिपाठ आहे. कमानींवर राजे व थोर पुरुषांच्या मुखाकृती कोरल्या आहेत. हुकूमशहा फ्रँको यांची मुखाकृती मात्र २०१७ मध्ये काढून टाकण्यात आली. जवळच्या वियामायोर गावचा दगड येथील इमारतींना वापरला आहे. खाणीतून निघताना मऊ असणारा हा दगड पुढे कठीण होतो आणि त्यावर सोनेरी झाक चढते.

बेडूक आणि अंतराळवीर

विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीवरील सोळाव्या शतकातील कोरीवकामात एका कवटीवर छोटासा बेडूक बसला आहे. कोणाच्याही मदतीविना तो ज्याला सापडेल, तो परीक्षेत उत्तीर्ण होतो, अशी समजूत आहे. भाषेच्या विद्यार्थ्याने मात्र मदत अवश्य मागावी. 'दोन्दे एस्ता ला राना?' (बेडूक कुठे आहे?) एवढा प्रश्न संभाषणाला पुरेसा असतो. नव्या कॅथीड्रलच्या एका दारावर तर चक्क अंतराळवीर कोरलेला आढळतो. १९९२ च्या जीर्णोद्धाराच्या वेळी कारागिरांनी तो तेथे बसवला. भिंतीवर तीनशेहून अधिक दगडी शिंपले असलेल्या 'कासा दे लास कोंचास' या वास्तूत आता सार्वजनिक ग्रंथालय आहे.

भाषेसाठी तुरुंगवास

विद्यापीठात फ्राय लुइस दे लेओन या कवी-प्राध्यापकाचा वर्ग ओबडधोबड लाकडी बाकांसह जतन केला आहे. बायबलच्या लॅटिन पाठापेक्षा हिब्रू मूळ पाठाला महत्त्व दिल्याचा आणि त्यातील 'गीतरत्न' लोकभाषेत आणल्याचा ठपका ठेवून धर्मन्यायालयाने त्यांना १५७२ ते १५७६ असे जवळजवळ पाच वर्षे कैदेत ठेवले. सुटून आल्यावर त्यांनी 'देसिआमोस आयेर', म्हणजे 'काल आपण म्हणत होतो', अशा शब्दांनी व्याख्यान पुढे सुरू केले, ही प्रसिद्ध आख्यायिका आहे. अपूर्ण भूतकाळाचा धडा गिरवणाऱ्याला यापेक्षा चांगले उदाहरण मिळणे कठीण. आज जी भाषा शिकायला जगभरातून विद्यार्थी येतात, तिच्यात धर्मग्रंथ आणणे एकेकाळी गुन्हा होता, याची जाणीव या बाकांपाशी होते. त्याआधी, १४९२ मध्ये, आंतोनियो दे नेब्रिहा यांचे कास्तिलियन भाषेचे व्याकरण याच शहरात छापले गेले होते.

दुपार आणि जेवण

दुपारी दोन ते पाच या वेळात बरीच छोटी दुकाने बंद असतात, तर रविवारी बहुतेक दुकाने उघडतच नाहीत. जेवणाची वेळ दोननंतरची. 'मेनू देल दिया' म्हणजे ठरावीक दरातील दिवसाचे जेवण; ते किफायतशीर पडते. शाकाहारी मंडळींनी विशेष दक्षता घ्यावी. केवळ 'सिन कार्ने' (मांसाविना) म्हटल्यास ताटात मासे किंवा हॅमचे तुकडे येण्याची शक्यता असते. 'नी कार्ने, नी हामोन, नी पेस्कादो' (मांस नको, हॅम नको, मासे नकोत) असे स्पष्ट सांगावे. येथील प्रसिद्ध 'ओर्नाथो' या पदार्थात डुकराचे मांस असते. बटाट्याच्या 'तोर्तिया'त अंडे असते.

नदीकाठी सायंकाळ

उन्हे उतरल्यावर तोर्मेसवरील रोमन पुलाकडे जावे. सव्वीस कमानींपैकी पंधरा मूळच्या रोमन आहेत. पुलाजवळच्या शीर नसलेल्या दगडी प्राण्याचा संबंध १५५४ च्या 'लासारियो दे तोर्मेस' या कादंबरीशी जोडला जातो. तिच्यात आंधळा धनी मुलाला दगडी बैलाला कान लावायला सांगतो आणि त्याचे डोके त्यावर आपटून त्याला व्यवहाराचा पहिला धडा देतो.

परतल्यावर दिवसभरात कानी पडलेले दहा नवे शब्द वहीत उतरवावेत आणि सोमवारी वर्गात वापरावेत. नव्वद दिवसांपर्यंतच्या अभ्यासक्रमासाठी भारतीयांना अल्पमुदतीचा शेंगेन व्हिसा लागतो. त्याहून अधिक मुक्कामासाठी विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो.