‘किर्लोस्कर खबर’ : एका नामांतराचा विचार

मराठी नियतकालिकांचा इतिहास लिहिताना ‘किर्लोस्कर’ मासिकाचा उल्लेख टाळता येत नाही. परंतु तो बहुधा वाङ्मयाच्या अंगानेच केला जातो. त्यात कोणाच्या कथा आल्या, कोणते वाद गाजले, सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध कोणत्या काळात आले, एवढ्यावर अभ्यासक थांबतात. हे मासिक मुळात एका यंत्रांच्या कारखान्याचे पत्रक होते, ही गोष्ट प्रास्ताविकात एका वाक्याने उरकली जाते. प्रस्तुत लेखात त्या वाक्याकडेच थोडे थांबून पाहावयाचे आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातील आपला कारखाना हलवावा लागला, तेव्हा औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनलगत जमीन दिली. 1910 साली त्या निवडुंगाने भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. औंध संस्थानचा मुलूख सलग नव्हता. सातारा जिल्ह्याच्या पोटात त्याचे तुकडे विखुरलेले होते आणि कुंडल हा त्यांपैकी एक. पुणे-मिरज हा मीटरगेज लोहमार्ग जवळून जात असल्यामुळे ओतीव लोखंड आत येणे आणि तयार नांगर, उसाचे चरक, कडबा कापण्याची यंत्रे बाहेर जाणे शक्य झाले. पुढे कुंडल रोड हे स्टेशनचे नावही मागे पडून किर्लोस्करवाडी हेच नाव रूढ झाले. एखाद्या कारखान्याने रेल्वेच्या पाटीवरील नाव बदलावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

1920 च्या जानेवारीत ‘किर्लोस्कर बंधू’ ही मर्यादित जबाबदारीची कंपनी झाली आणि त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. या दोन घटना एकत्र वाचल्या पाहिजेत. घरच्या धंद्याला आता भागीदार मिळाले होते. माल विकणारे अडते गावोगाव होते. आणि लोखंडी नांगराने जमीन नासते अशी धास्ती बाळगणाऱ्या शेतकऱ्याची समजूत पाडावयाची होती. अशा वेळी कारखान्याने आपले पत्र काढणे स्वाभाविकच. अमेरिकेत फोर्डच्या कारखान्याचे ‘फोर्ड टाइम्स’ 1908 मध्येच निघाले होते. वाडीतील विशेष इतकाच, की संपादनाचे काम जाहिरात-विभागातील कारकुनाकडे न जाता लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर यांच्याकडे आले. ते मुळात चित्रकार होते. चित्रकाराच्या हाती मासिक गेल्यावर ते केवळ किमतीचा तक्ता राहणे कठीणच होते!

आता नावाकडे वळू. ‘खबर’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला आणि इतका मुरला, की ‘खबरबात’, ‘खबरदार’, ‘बेखबर’ यांत तो परका असल्याची जाणीवही बोलणाऱ्यास होत नाही. ‘खबर घेणे’ या प्रयोगात तर त्याने विचारपुशीपासून खरडपट्टीपर्यंत मजल मारली आहे. ‘बखर’ हा शब्द ‘खबर’मधील वर्णविपर्यासाने झाला असे एक जुने मत आहे, ते निर्विवाद नाही, तथापि कानाला मोहविणारे आहे यात शंका नाही. ‘किर्लोस्कर खबर’ या समासात ‘खबर’ हे मुख्य पद आणि ‘किर्लोस्कर’ हे विशेषण: किर्लोस्करांकडची बातमी. नाव वस्तूचे यथार्थ वर्णन करीत होते.

सावरकर 1924 पासून रत्नागिरीस स्थानबद्ध होते आणि तेथून त्यांनी भाषाशुद्धीची चळवळ चालविली. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस मासिकाने ‘खबर’ हा शब्द टाकला तो सावरकरांच्या सूचनेवरून, हे सर्वश्रुत आहे. त्यामुळे हे नामांतर भाषाशुद्धीच्या खात्यावर जमा होते. ते अगदीच चूक नव्हे. पण पुरेसे आहे असे मला वाटत नाही. शुद्धी हेच एकमेव कारण असते, तर ‘कारखाना’ हा तितकाच फारसी शब्द वाडीत कसा टिकला? मासिक छापले जाई ते छापखान्यात, कागदावर, शाईने. या तिन्ही शब्दांच्या अंगात फारसीचे रक्त आहे. ‘मुद्रणालय’ पाटीवर चढले, तरी बोलण्यातला छापखाना हलला नाही. गळला तो एक ‘खबर’. आणि ‘वार्ता’ किंवा ‘वृत्त’ असा संस्कृत पर्याय त्याच्या जागी बसविलाही गेला नाही. शब्दाची शुद्धी करावयाची असती, तर जागा रिकामी कशाला ठेवली असती?

माझ्या मते सूचनेने निमित्त पुरविले. कारण अगोदरच तयार झाले होते. दहा वर्षांत मासिकाचा वाचक बदलला होता. नांगर घेणारा किंवा भाग घेणारा एवढाच तो राहिला नव्हता. ज्याचा वाडीशी काडीचा संबंध नाही असा शाळामास्तर, कारकून आणि त्याची पत्नी ते मासिक वाचू लागली होती. त्यांना किर्लोस्करांची खबर नको होती. मुख्य पद गळताच विशेषण विशेष्याच्या जागी आले आणि एक आडनाव मासिकाचे विशेषनाम बनले. ‘विविधज्ञानविस्तार’, ‘मनोरंजन’ अशी भाववाचक नावे धारण करणाऱ्या मराठी मासिकांत हा प्रकार विलक्षणच म्हणावा लागेल. त्यातही मौज अशी, की अरबी शब्द गेल्यावर उरले ते कोकणातील किर्लोस गावाला ‘कर’ प्रत्यय लागून झालेले अस्सल देशी नाव.

यानंतरची वाटचाल या तर्कास पुष्टी देते. 1930 साली ‘स्त्री’ आणि 1934 साली ‘मनोहर’ ही भावंडे निघाली. त्या दोहोंच्या नावांत आडनाव नाही. कारखान्याच्या पत्रकाला अशी भावंडे होत नसतात. रूढी आणि अंधश्रद्धा यांवरचे जे प्रहार मासिकाने केले, ते नांगराविषयीच्या धास्तीशी झगडण्यातूनच सुरू झाले असावेत, असाही तर्क करता येईल. मात्र तो सिद्ध करण्यास पहिल्या दशकाचे अंक ओळीने वाचावे लागतील.

येथे अभ्यासकाला एक व्यावहारिक अडचण येते. एकाच मासिकाची दोन नावे असल्यामुळे ग्रंथालयीन सूचीत त्याच्या नोंदी दोन ठिकाणी पडू शकतात. स्थळाचीही तीच गत. संस्थाने विलीन झाल्यावर 1949 मध्ये ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला, 1960 मध्ये त्याचे नाव ‘सांगली’ पडले आणि किर्लोस्करवाडी आज पलूस तालुक्यात मोडते. तेव्हा शोध घेणाऱ्याने औंध, सातारा आणि सांगली या तिन्ही शीर्षकांखाली पाहावे. अंक हाती आले, तर त्यांतील कथा बाजूस ठेवून प्रथम जाहिराती वाचाव्यात: रुमणे, हाळीस, फाळ हे लाकडी नांगराचे शब्द लोखंडी नांगराच्या वर्णनात किती उतरले आणि नट-बोल्टांनी त्यांना कोठे बाजूस सारले, हे तेथेच दिसेल.