लिहिले तरच प्रत: सामायिक तक्त्यांची कुळकथा

दहा जीबींचा एक तक्ता आठ प्रोसेसना एकाच वेळी लागला आणि प्रत्येकीसाठी वेगळी प्रत काढली, तर 80 जीबी मेमरी खर्च होते. लिनक्सवर मात्र तक्ता आधी मेमरीत घेऊन मग फोर्क केले, म्हणजे मूळ प्रोसेसमधून उपप्रोसेस काढल्या, की सगळ्या उपप्रोसेस मेमरीची तीच पाने वाचतात. एखादीने एखाद्या पानावर लिहिले, तर तेवढ्याच पानाची प्रत निघते. या युक्तीचे नाव कॉपी-ऑन-राइट.

फोर्क यूनिक्सचा, म्हणून ही युक्तीही यूनिक्सचीच, असा सर्वसाधारण समज आहे. तो टिकत नाही. मुळात फोर्कच उसना आहे: मेल्विन कॉनवे यांनी 1963 च्या निबंधात तो मांडला, बर्कलीच्या प्रोजेक्ट जिनीत तो वापरला गेला आणि तिथून केन थॉम्पसन यांनी उचलला. डेनिस रिची यांच्या नोंदीनुसार पीडीपी-7 वर त्याला असेम्ब्लीच्या अवघ्या 27 ओळी पुरल्या. पण तो फोर्क चालू प्रोसेसची संपूर्ण प्रत काढत असे. हा खर्च टाळण्यासाठी 1979 मध्ये यूनिक्सच्या थ्रीबीएसडी आवृत्तीत व्हीफोर्क आणावा लागला. कॉपी-ऑन-राइट यूनिक्सच्या घरचे असते, तर व्हीफोर्कची गरजच पडली नसती.

युक्तीचे खरे घर मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिजला, बीबीएन या संस्थेत सापडते. पीडीपी-10 यंत्राला स्वतः घडवलेले पेजिंगचे हार्डवेअर जोडून तिथे टेनेक्स ही प्रणाली उभी राहिली. बॉब्रो, बर्चफील, मर्फी आणि टॉमलिन्सन यांचा तिच्यावरील निबंध मार्च 1972 चा. टेनेक्समध्ये मेमरीचे पान 512 शब्दांचे असे, आणि एकच पान अनेक प्रोसेसना देऊन लिहिणाऱ्यालाच वेगळी प्रत देण्याची सोय होती.

ती तिथेच का सुचली? डॅनियल बॉब्रो हे बीबीएन लिस्प या भाषेच्या कर्त्यांपैकीही एक होते. लिस्पची भलीमोठी प्रणाली अनेकांना लागे, तिचा बराचसा भाग कोणीच बदलत नसे. पण कोणता भाग बदलेल, हे आधी सांगता येत नसे. कॉपी-ऑन-राइट हे नेमके याच अडचणीचे उत्तर आहे. त्यामुळे ही युक्ती लिस्पच्या गरजेतून आली, हा तर्क सर्वांत पटणारा ठरतो.

श्रेयाचे आणखी दोन दावेदार आहेत. मल्टिक्स प्रणालीतील सेगमेंट सामायिक असत आणि सिस्टिम फाइव्ह या यूनिक्सची सामायिक मेमरी बेल लॅब्जच्या कोलंबस येथील यूनिक्समधून आली. पण त्या दोन्हींत एकाने लिहिलेले सगळ्यांना दिसते, म्हणून कुलुपे आणि सेमाफोर सांभाळावे लागतात. फक्त वाचायच्या तक्त्याचे कूळ टेनेक्सकडेच जाते. पुढे मॅक (Mach), सनओएस आणि लिनक्सने तीच वाट धरली.

पायथनमध्ये मात्र वाचणेही लिहिणे ठरते. प्रत्येक वस्तूच्या शीर्षात तिच्या संदर्भांची मोजणी असते. वस्तूला नुसता हात लावला तरी ती बदलते आणि सामायिक पानाची प्रत निघते. 2017 मध्ये इन्स्टाग्रामच्या अभियंत्यांना आढळले, की कचरा गोळा करणारी यंत्रणाही अशीच पाने बदलते. पुढे पायथन 3.7 मध्ये त्यावर उपाय म्हणून जीसी-फ्रीझ आले.

खरा उपाय तक्त्याच्या रचनेत आहे. पायथनच्या नमपाय लायब्ररीतील ॲरेत आकडे सलग बसतात आणि मोजणी एकट्या ॲरेच्या शीर्षात राहते, त्यामुळे आकडे वाचताना त्यांची पाने बदलत नाहीत. 2016 साली अपाचेचा प्रकल्प झालेल्या ॲरोने स्तंभ सलग ठेवले आणि पॉइंटरऐवजी अंतरे नोंदवली. म्हणून तोच तक्ता कोणत्याही प्रोसेसमध्ये, मेमरीच्या कोणत्याही पत्त्यावर, प्रत न काढता वाचता येतो. मोठा तक्ता वाटून घेताना प्रोसेस किती हे ठरवण्याआधी तो स्तंभांत मांडावा. टेनेक्सची युक्ती तेव्हाच पूर्ण लाभते.