अलिबागचे चुंबकीय दप्तर

मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचे घाटत होते, तेव्हा त्या प्रवाहाने कुलाबा वेधशाळेतील चुंबकसूच्या विचलित होऊन १८४१ पासून चालत आलेली नोंद भ्रष्ट होईल हे ओळखून, संचालक नानाभाई मूस यांनी सुमारे ३० किलोमीटर दूर अलिबागेस, लोखंड कटाक्षाने टाळून बांधलेल्या वास्तूंत, १९०४ साली नवी वेधशाळा उभी केली. स्थलांतराहूनही मला त्यांची दप्तरनिष्ठा अधिक वंदनीय वाटते. कारण १९०६ पर्यंत उभय स्थळी एकाच वेळी वेध घेऊन त्यांनी जुन्या-नव्या नोंदींचा सांधा जुळविला, आणि १८४६ ते १९०५ पर्यंतची आकडेवारी, यंत्रांच्या अंगभूत गुणधर्मांच्या तपशिलासह, १९१० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. १८५९ च्या सौरवादळाची तीव्रता ठरविताना आजचे संशोधकही कुलाब्याच्याच नोंदींचा आधार घेतात.