पेव फुटले! वऱ्हाडातील ज्वारीच्या तळघराची गोष्ट

#थ्रेड

‘घोटाळ्यांचे पेव फुटले’ असे आपण वृत्तपत्रांत नेहमी वाचतो. हे पेव म्हणजे नेमके काय, हे मात्र आज शहरी वाचकाला ठाऊक नसते. पेव म्हणजे धान्य साठवण्यासाठी जमिनीत खणलेले तळघर. मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशात हा शब्द ‘पेंव’ असा सानुनासिक आढळतो.

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग लोक आजही तोंडी मानतात : घाटावरचा आणि घाटाखालचा. चिखली घाटावर. येथील मुख्य अन्न शतकानुशतके ज्वारीची भाकरी. त्यामुळे वर्षाची, जमल्यास दोन-तीन वर्षांची ज्वारी सांभाळणे हा घरसंसाराचा पाया होता.

पेवाची रचना मोठी शहाणपणाची. तोंड अरुंद, पोट रुंद. जागा उंचवट्याची, पाणी न झिरपणारी. तळाला व कडांना कडबा किंवा गवत लावायचे, ज्वारी भरायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचे. आतील दाणे श्वसन करतात, प्राणवायू संपतो, कर्बवायू साचतो आणि किडे मरतात. औषध नाही, खर्च नाही.

हाच कर्बवायू माणसालाही मारी. म्हणून पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. हवा खेळू देत आणि दिवा सोडून पाहत. दिवा विझला तर थांबायचे. शिवाय एकदा हवा लागली की धान्य फार टिकत नसे, त्यामुळे सारे झटपट उपसावे लागे. अंगणात एकाएकी ज्वारीचे ढीग! वाक्प्रचारातील ‘अचानक सुकाळ’ हा अर्थ येथूनच आला असावा.

मात्र पेवाचे फार गोडवे गाऊ नयेत. मोठी पेवे सावकाराची असत. पेरणीच्या तोंडावर कुळाने तेथूनच ज्वारी उचलायची आणि सुगीला सवाईने किंवा दिढीने फेडायची.

१८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धाने कापसाचे भाव भडकले. १८७० मध्ये घाटाखालच्या खामगावला रेल्वे पोहोचली. (चिखली अजून खामगाव-जालना मार्गाची वाट पाहत आहे, तो विषय वेगळा!) कापसाबरोबर धान्यही रोकड देणारा माल झाले. इतिहासकार लक्ष्मण सत्या यांनी १९९७ च्या आपल्या ग्रंथात वऱ्हाडातील दुष्काळाचा संबंध थेट कापसाच्या या अर्थकारणाशी जोडला आहे.

कसोटी १८९९-१९०० ला लागली. पाऊस गेला, ज्वारी गेली, कडबाही गेला. सुपीक म्हणून नावाजलेल्या वऱ्हाडाची लोकसंख्या १८९१ च्या सुमारे २९ लाखांवरून १९०१ मध्ये साडेसत्तावीस लाखांवर आली. जमिनीखाली साठा असता तर सारे वाचले असते, असे म्हणणे भाबडेपणाचे. पण घरातले धान्य आणि बाजारातून आणायचे धान्य यांतील फरक त्या वर्षी मजुरांच्या घराने पुरेपूर अनुभवला.

पुढे १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राच्या पानात अमेरिकेची तांबडी ज्वारी, ‘मिलो’, आली. तिची चव नावडल्याचे त्या पिढीतील माणसे आजही सांगतात.

आता चिखलीच्या शिवारात सोयाबीन डोलते. ते मळणी होताच अडतीवर जाते आणि भाकरीची ज्वारी किराणा दुकानातून किलोने घरी येते.