नवग्रंथपाल : आंतरराष्ट्रीय संपर्क व व्यावसायिक विकास

ग्रंथालयांचा आंतरराष्ट्रीय महासंघ ‘इफ्ला’ (स्थापना : एडिंबरो, १९२७, मुख्यालय : हेग) दरवर्षी निरनिराळ्या देशांत जागतिक ग्रंथालय परिषद भरवतो, १९९२ची परिषद नवी दिल्लीत झाली. अशा परिषदांत दीर्घकाळ ज्येष्ठांचाच आवाज असे. ब्वेनोस आयरिस येथील २००४च्या परिषदेपासून नव्या ग्रंथपालांचा स्वतंत्र गट उभा राहिला. २०१० साली गॉथेनबर्ग परिषदेआधी स्वीडनमधल्याच बोरोस येथे त्यांचे पहिले शिबिर झाले. विषयपत्रिका आधी ठरलेली नव्हती. जमलेल्यांनीच विषय सुचवले. नवख्याला बोलते करण्याची ही रीत औपचारिक निबंधवाचनापेक्षा निश्चितच सरस.

विकसनशील देशांतील तरुण ग्रंथपालांसाठी अधिक मोलाची ठरली ती २००१मध्ये सुरू झालेली, इफ्ला आणि ग्रंथालयांची सहकारी संस्था ओसीएलसी यांची अभ्यासवृत्ती. निवडलेल्या मोजक्या ग्रंथपालांना सुमारे चार आठवडे अमेरिकेतील ओहायो राज्यात व युरोपात व्याख्याने, ग्रंथालयभेटी आणि जाणत्या ग्रंथपालांशी चर्चा यांचा लाभ होई. प्रत्येकाला आपल्या व्यावसायिक वाटचालीचा लेखी आराखडाही करावा लागे, आणि योजनेचे खरे बळ त्यातच होते. प्रवासखर्च न परवडणाऱ्यांना परिषदा दुरापास्त असतात. ही अडचण या योजनेने थेट ओळखली. पुढे ती बंद झाली.