लास कासासचा पश्चात्ताप

आमचे शिक्षण कॉलेजात झाले नाही. ते गेटसभांत आणि युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा धर्मशास्त्रावर आम्ही बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु आजची हकीकत सुरू होते ती मजुरीच्याच प्रश्नापासून.

सन १५११. कॅरिबियन समुद्रातील हिस्पानिओला बेट. तेथील मूळ रहिवासी स्पॅनिश वसाहतवाल्यांना कामासाठी वाटून दिलेले असत. मोबदल्यात त्यांना ख्रिस्ती धर्म शिकवावा, अशी अट. धर्म नावाला राहिला आणि माणसे सोन्याच्या खाणींत मेली. डिसेंबरातील एका रविवारी आंतोनियो दे मोंतेसिनोस या डोमिनिकन साधूने भर चर्चमध्ये मालकांना विचारले, ही माणसे नव्हेत काय? अधिकारी खवळले, शब्द मागे घ्या म्हणाले. पुढच्या रविवारी त्याने तेच पुन्हा सांगितले.

बार्तोलोमे दे लास कासास हा पाद्री स्वतः असाच एक मालक होता. १५१४ साली क्यूबात प्रवचनाची तयारी करताना, मजुरी बुडविणाऱ्याला शास्त्राने खुनी ठरविले आहे, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने आपल्या वाट्याची माणसे सोडून दिली आणि उरलेले आयुष्य त्यांच्यासाठी भांडण्यात घालविले. १५४२ च्या नव्या कायद्यांत त्याच्या खटपटीचा मोठा वाटा होता. वसाहतवाल्यांच्या बंडामुळे त्यांतील वारसाहक्क तोडणारे कलम १५४५ साली मागे घेतले गेले. १५५०-५१ मध्ये वायादोलिद येथे सेपुल्वेदा या पंडिताशी त्याचा वाद झाला. सेपुल्वेदा म्हणे, काही लोक स्वभावतःच दास. लास कासासचे म्हणणे असे की, स्वातंत्र्य ही कोणाची मेहेरबानी नव्हे. ते माणूसपणाबरोबरच येते. पेरूचे पाद्री गुस्ताव्हो गुतिएरेस यांनी १९७१ साली मुक्तीचे धर्मशास्त्र मांडले आणि पुढे या लास कासासवरच मोठा ग्रंथ लिहिला.

परंतु याच लास कासासने, मूळ रहिवाशांची सुटका व्हावी म्हणून, आफ्रिकी गुलाम आणावेत असे सुचविले होते. एकाच्या मानेवरचे जोखड काढावयाचे ते दुसऱ्याच्या मानेवर ठेवण्यासाठी! पुढे आपल्या इतिहासग्रंथात त्याने ही चूक स्वतःच कबूल केली.

येथे आम्ही पुस्तक मिटले. एका करारात कायम कामगारांची पगारवाढ पदरात पडावी म्हणून कंत्राटी मजुरांची मागणी आम्हीच बाजूला ठेवली होती. पेढे वाटले त्या दिवशी ती माणसे फाटकाबाहेर उभी होती. दुसऱ्याला वगळून मिळविलेला हक्क हा हक्क नव्हे, ती सवलत होय.

तेव्हापासून मागण्यांच्या यादीत त्यांचे कलम आम्ही पहिले लिहितो. ते दर वेळी मान्य होतेच असे नाही.