अमरावतीचे स्वॅब आणि विषाणूची बदलती अक्षरे

1 फेब्रुवारी 2021 रोजी मुंबईची लोकल ठरावीक वेळांत का होईना, सर्वांसाठी पुन्हा धावू लागली. करोना ओसरला, असेच बहुतेकांना वाटत होते. त्याच महिन्यात अमरावतीत मात्र रुग्णसंख्या अचानक चढू लागली आणि 22 फेब्रुवारीपासून शहरात टाळेबंदी लावावी लागली. विदर्भातच ही उसळी का, याचे उत्तर रुग्णांच्या नाकाघशातून घेतलेल्या स्वॅबमध्ये दडले होते.

करोना विषाणूचा जनुकीय मजकूर सुमारे 30,000 अक्षरांचा आहे. एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाताना विषाणू स्वतःच्या नकला काढतो आणि नकलेत चुका होतात. महिन्याला सरासरी दोनेक अक्षरे बदलतात. बहुतेक बदल निरुपद्रवी असतात. एखादा मात्र विषाणूला पेशीत शिरायला किंवा प्रतिपिंडांना चुकवायला मदत करतो. हा मजकूर वाचणे म्हणजेच जिनोम सिक्वेन्सिंग.

पुण्याला हे काम नवे नव्हते. रॉकफेलर फाउंडेशनच्या सहकार्याने 1952 मध्ये येथे व्हायरस रिसर्च सेंटर उभे राहिले आणि 1978 मध्ये त्याची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था, म्हणजे आजची एनआयव्ही झाली. जानेवारी 2020 मध्ये केरळात सापडलेल्या देशातील पहिल्या रुग्णाचे निदान इथेच पक्के झाले आणि भारतातील पहिले करोना जिनोमही इथेच वाचले गेले.

पण अवाढव्य देशासाठी एक-दोन संस्था पुरणार नव्हत्या. ब्रिटनमध्ये अल्फा हा वेगाने पसरणारा प्रकार सापडल्यावर डिसेंबर 2020 च्या अखेरीस केंद्र सरकारने दहा प्रयोगशाळांची साखळी उभारली. तिचे नाव इन्साकॉग. पुण्यातील एनआयव्ही आणि एनसीसीएस, हैदराबादची सीसीएमबी, दिल्लीची आयजीआयबी, कल्याणीची एनआयबीएमजी अशा संस्था त्यात होत्या. बाधितांपैकी पाच टक्के नमुने वाचायचे, असे उद्दिष्ट ठरले.

24 मार्च 2021 रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने हिशेब मांडला. राज्यांकडून आलेल्या 10,787 नमुन्यांत 771 नमुने चिंताजनक प्रकारांचे होते. त्यांपैकी 736 ब्रिटनमधल्या प्रकाराचे. त्याच निवेदनात महाराष्ट्राविषयी वेगळी नोंद होती. ई484क्यू आणि एल452आर हे दोन बदल एकत्र असलेले नमुने डिसेंबरच्या तुलनेत वाढले होते, आणि त्यांचे प्रमाण 15 ते 20 टक्क्यांवर गेले होते. वृत्तपत्रांनी त्याला ‘डबल म्युटंट’ म्हटले. त्या एका दिवशी देशात 47,000 हून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. तीन महिन्यांत वाचलेले नमुने एका दिवसाच्या रुग्णांच्या पाव भागाएवढेही नव्हते.

या घराण्याला शास्त्रज्ञांनी बी.1.617 हा क्रमांक दिला. त्याचा सर्वांत जुना नमुना भारतातलाच, ऑक्टोबर 2020 चा. पुढे त्याच्या शाखा फुटल्या. ज्या दोन बदलांचा गाजावाजा झाला, ते दोन्ही असलेली शाखा मागे पडली, तीच कप्पा. जिच्यात ई484क्यू नव्हताच, पण एल452आरच्या जोडीला टी478के आणि पी681आर हे बदल होते, ती शाखा देशभर पसरली. 31 मे 2021 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने तिला डेल्टा हे नाव दिले. तोवर मेच्या सुरुवातीला रोजची रुग्णसंख्या चार लाखांवर जाऊन आली होती आणि घरोघरची माणसे गेली होती.

ऑक्टोबरचा नमुना आणि मार्चचे निवेदन यांत पाच महिने गेले. प्रयोगशाळांत जाणकार माणसे होती; कमी पडली ती त्यांच्यापर्यंत पोहोचणारी वाट. स्वॅब गोठलेला राहायला हवा, त्यात विषाणू पुरेसा हवा, आणि रुग्ण कोण, कुठला, आजार किती तीव्र, ही माहिती सोबत हवी. नुसत्या नळीवरून उद्रेकाचा माग लागत नाही.

राज्याने यातून धडा घेतला. प्रत्येक जिल्ह्यातून 100 नमुने घेण्याची मोहीम सुरू झाली आणि जून 2021 मध्ये डेल्टाचीच उपशाखा असलेल्या डेल्टा प्लसचे 21 रुग्ण सापडले: रत्नागिरीत नऊ, जळगावात सात, मुंबईत दोन, तर पालघर, ठाणे आणि सिंधुदुर्गात प्रत्येकी एक. कोकणातल्या गावांतला प्रकारही आता नकाशावर उमटू लागला होता. ऑगस्टमध्ये मुंबईच्या कस्तुरबा रुग्णालयात महापालिकेची स्वतःची सिक्वेन्सिंग प्रयोगशाळा उभी राहिली. तिथल्या पहिल्या तुकडीतील मुंबईच्या 188 नमुन्यांत 128 डेल्टाचे निघाले.

नंतर ओमिक्रॉन आला. दक्षिण आफ्रिकेने 24 नोव्हेंबर 2021 रोजी जगाला इशारा दिला. 2 डिसेंबरला कर्नाटकात देशातील पहिले दोन रुग्ण जाहीर झाले आणि 4 डिसेंबरला डोंबिवलीत राज्यातला पहिला. डेल्टाच्या वेळी जिथे पाच महिने लागले, तिथे या वेळी इशाऱ्यापासून दहा दिवस पुरले. दुसऱ्या देशाने वेळीच सावध केले, हे त्याचे एक कारण. आपली यंत्रणा जागी होती, हे दुसरे. साथ नसलेल्या वर्षांतही जिल्हा रुग्णालयांतून नमुने नियमित जात राहिले पाहिजेत, आणि तो खर्च राज्याच्या आरोग्य अंदाजपत्रकात कायमचा धरला गेला पाहिजे.